निरोपांची वेळ

४ एप्रिल

दुपारभर टेकडीवर धुरकट ऊन होतं. समोरचे डोंगर कोणी ओल्या फडक्याने अर्धवट पुसून ठेवल्यासारखे दिसत होते. मोहाचा वास खिडकीतून आत येऊन बसला होता. मला खुर्चीतच डुलकी लागली. लहान्याने टेबलावर पाकीट ठेवलं तेव्हा जाग आली.

मुंबईच्या संस्थेचं पत्र आहे. आमच्यासारखी छोटी रेडिओ केंद्रं ही संस्था चालवते. प्रत्येक केंद्राने आपत्तीचा आराखडा करून पाठवायचा. वादळ, पूर, आग, काहीही आलं तरी केंद्र बंद पडू नये म्हणून काय करणार, पडलंच तर काय आधी सुरू करणार, आणि एखादा माणूस नसेल तर त्याचं काम कोण बघणार. ज्यांचा आराखडा येणार नाही त्यांच्या पुढच्या वर्षाबद्दल आत्ता काही सांगता येत नाही, असंही शेवटी सौम्य शब्दांत लिहिलं आहे.

मला बरं वाटलं. सगळी नोकरी पंचायत समितीत गेली. निवृत्तीनंतर 'पाणवठा रेडिओ'चा व्यवस्थापक झालो खरा, पण इथे माझ्याजोगं काही नाही असंच वाटायचं. यंत्रं लहान्या सांभाळतो, शेतीचं मंगेश बोलतो, मी वीजबिल भरतो. आराखडा मात्र मला जमेल.

दिवेलागणीला हौशीबाईंनी 'निरोप' वाचले. कामासाठी बाहेर गेलेली माणसं केंद्रावर फोन करून निरोप ठेवतात, घरची माणसं उलटे निरोप धाडतात आणि बाई ते रोज वाचतात; लांबची माणसं ते मोबाइलवर ऐकतात. बाई पूर्वी अंगणवाडीत होत्या. आज वसईहून कोणीतरी विचारलं होतं, गाय व्याली का. एवढंच. बाईंनी ते असं वाचलं की घरी आल्यावरही मला त्या गायीची काळजी लागून राहिली.

११ एप्रिल

केंद्र बंद पडलं तर आधी काय सुरू करायचं, त्याचा क्रम लावला. पहिलं हवामान आणि धोक्याच्या सूचना, मग आरोग्य, मग शेती, मग शाळेचे धडे. 'निरोप' शेवटी. संकटाच्या वेळी गायीची विचारपूस थांबू शकते. क्रम तर्काला धरून आहे.

हौशीबाईंनी कागद उभ्या उभ्याच वाचला. काही तक्रार असेल तर सांगा, म्हटलं. त्या म्हणाल्या, "शेवटी का होईना, आहे ना त्यात." आणि चहाचे पेले विसळायला गेल्या.

तक्रार नव्हती, पण मला उगाच चुकल्यासारखं वाटत राहिलं.

२३ एप्रिल

आज रंगीत तालीम. वीज गेली आहे असं समजायचं आणि बॅटरीवर केंद्र चालवून पाहायचं. लहान्याने मुख्य बटण बंद केलं तेव्हा 'निरोप' चालू होता. बॅटरीची तार कुठेतरी सैल होती, त्यामुळे प्रक्षेपण बंदच पडलं. लहान्या तार शोधत टेबलाखाली गेला.

हौशीबाईंना कोणी सांगितलंच नाही. काचेपलीकडे त्या वाचत राहिल्या. खोलीत पंखा नाही, दिवा नाही, खिडकीतून संध्याकाळचा पिवळा उजेड त्यांच्या हातावर पडलेला. त्यांचा आवाज काचेतून अगदी बारीक ऐकू येत होता, झोपेत शेजारच्या घरातलं बोलणं ऐकू यावं तसा. जगात तो कुठेही जात नव्हता. फक्त माझ्यापर्यंत येत होता.

त्यांना थांबवायला हवं होतं. पण तालमीत व्यत्यय नको म्हणून मी बसून राहिलो.

निष्कर्ष: तारा दर आठवड्याला तपासाव्यात.

९ मे

पर्यायी माणसांचं काम अडलं आहे. लहान्या नसेल तर मंगेश. मंगेश नसेल तर मी. मी नसेन तर लहान्या. हौशीबाई नसतील तर कोण, तिथे गाडी थांबते.

मंगेशला चार निरोप वाचायला दिले. हुशार आहे, खणखणीत आवाज आहे, पण आईने लेकाला पाठवलेला निरोप त्याने भाताचा भाव सांगावा तसा वाचला. शेवटी ती जागा रिकामी ठेवली. मुंबईहून फोन आला तर सांगेन की योग्य उमेदवाराचा शोध चालू आहे.

हर्षालीचा नाशिकहून फोन आला होता. लेक रोज एकच विचारते, जेवलात का बाबा. आज विचारलं, दिवसभरात कोणाशी बोललात? मी तिला तालमीचं सांगितलं, मग हौशीबाई चकल्या कशा करतात ते सांगितलं, मग त्यांच्या मुलाला भिवंडीत काम लागल्याचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं चाललंय म्हणजे तुमचं." आराखड्याबद्दल तिने एक शब्द विचारला नाही.

२ जून

संध्याकाळी केंद्र बंद करून उतरताना हिरड्याच्या झाडावर काजवे लागले होते. झाड श्वास घेतंय असं वाटत होतं. एकदम सगळं झाड उजळायचं, मग विझायचं. हौशीबाई आणि मी पाहत उभे राहिलो. त्या म्हणाल्या, त्यांच्या नवऱ्याला काजव्यांचं भारी वेड होतं. बारा वर्षं झाली त्यांना जाऊन, तरी झाडाला काजवे लागले की आधी त्यांना सांगावंसं वाटतं. मग त्यांनी माझ्या बायकोचं विचारलं. काय आवडायचं तिला? आठवून आठवून म्हणालो, रेडिओ. त्या हसल्या नाहीत, मान हलवली.

वाट घसरडी होती म्हणून बॅटरी त्यांच्या पायांपुढे धरून चाललो.

५ जुलै

पाऊस धरून आहे. दिवसभर धुकं खिडकीला टेकून उभं. मनोऱ्याचं टोक दिसत नाही.

हौशीबाईंची बहीण चैती खोडाळ्याजवळ राहते. ती पडून तिचा पाय मोडला आणि आवणी तर तोंडावर आली. बाई आठवडाभर रजेवर गेल्या. भाताची रोपं लावून झाली की येते म्हणाल्या. छत्री घेऊन जा म्हटलं, तर म्हणाल्या, आवणीला छत्री धरून कोण उभं राहील? गोणपाटाची खोळ पुरेल.

'निरोप' मंगेशने वाचले. कोणाची काही चूक नाही, पण मी लवकर घरी आलो.

९ जुलै

मनोरा पडला.

सकाळपासून वारा असा होता की छपरावर कोणी धावत असावं. दुपारी एक लांब किंचाळल्यासारखा आवाज झाला. बाहेर आलो तर मनोरा मधोमध वाकून कुंपणावर आडवा झाला होता, पाणी प्यायला वाकलेल्या जनावरासारखा. कोणाला लागलं नाही. मोबाइलचं नेटवर्क सकाळीच गेलं होतं. वीज त्याआधीच गेली होती. घाटात दरड आल्याने मंगेश जव्हारलाच अडकला आहे. तलाठ्यांनी माणसाकडून निरोप धाडला की मोखाड्याकडचे रस्तेही ठिकठिकाणी बंद आहेत.

आराखडा काढून वाचला. त्यात वादळ एका ठिकाणी होतं, वीज दुसऱ्या ठिकाणी, रस्ता तिसऱ्या. सगळं एकाच दुपारी येईल असं मी कुठे लिहिलं नव्हतं.

लहान्या भिजून चिंब झाला होता तरी खूश दिसला. म्हणाला, "साहेब, मनोरा गेला, यंत्र जिवंत आहे. बांबू आणतो."

१० जुलै

संध्याकाळपर्यंत लहान्याने तीन बांबू एकमेकांना बांधून पाण्याच्या टाकीवर उभे केले आणि जुना छोटा अँटेना त्यावर चढवला. सौर बॅटरीत जेमतेम तासाभराची ताकद आहे. टेकडीखालच्या पाड्यात जाऊन त्याने ऐकलं. येतंय. जामसरच्या वाटेवर येतंय की नाही, माहीत नाही. खोडाळ्याला एरवीही हवा मोकळी असली तरच पोचतो आपण. आज काय सांगावं.

तर आता आराखड्याप्रमाणे. हवामान आणि सूचना. मी वाचल्या. 'नागरिकांनी नदीपात्राजवळ जाऊ नये.' आयुष्यभर असली वाक्यं लिहिली आहेत, त्यामुळे अडखळलो नाही.

वाचून बाहेर आलो तर पडवीत माणसं बसली होती. डोक्यावर खोळी, अंगातून वाफ निघतेय. आसपासच्या पाड्यांतून चालत आली होती. मला वाटलं, सूचना ऐकून काही विचारायला आली असतील. कोणी सूचनांबद्दल बोललं नाही. एकाची बायको जव्हारच्या दवाखान्यात आहे. एकाचा भाऊ मोखाड्याला. एका म्हाताऱ्याला फक्त एवढं कळवायचं होतं, की घर पडलं पण माणसं ठीक आहेत. फोन नाहीत, तर निरोप सांगा म्हणाले.

मी म्हणालो, 'निरोप' आपल्या क्रमात शेवटी आहे. हे मोठ्याने बोललो आणि स्वतःलाच विचित्र वाटलं. सगळ्यांचे निरोप लिहून घेतले. बॅटरी संपली होती. उद्या वाचायचे.

११ जुलै

हे नीट लिहून ठेवतो.

दुपारी माघी नावाची बाई आली. सत्तरीची असेल. नदीकाठच्या पाड्यातली. तिचे दोन मुलगे, काळ्या आणि सोम्या, नाशिककडे बांधकामावर असतात. आवणीला घरी यायचं म्हणून निघाले आहेत. फोन चालू होते तेव्हाचं शेवटचं बोलणं असं, की अकरा तारखेला संध्याकाळी खोडाळ्याला उतरू आणि चालत घरी येऊ. बरोबर पाड्यातली आणखी माणसंही आहेत.

घरी येण्याची वाट फरशी पुलावरून. पुराचं पाणी आज उतरलं आहे, फरशी वर दिसते, चालून जावं अशी. पण खालून सगळं वाहून गेलंय. पाड्यातल्या माणसांनी काठावरून पाहिलं. अलीकडच्या बाजूला काट्याकुट्या टाकून वाट बंद केली. पलीकडे जाणार कसं? तहसीलला माणूस धाडला होता. ते कळवतो म्हणाले, पण त्यांचेही फोन लागत नव्हते.

मी लहान्याकडे पाहिलं. तो म्हणाला, आत्ताच सुरू करू. संध्याकाळची वाट बघायला नको. धुकं जरा वर उचललंय.

माघीला आत बसवलं. ती माइककडे बघायला तयार नव्हती. बोल म्हटलं तर पदर तोंडावर घेतला. मग मीच सुरू केलं. 'सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की सदर फरशी पूल वाहतुकीस धोकादायक…'

माघी मध्येच बोलली. "कुणाला सांगतोस?"

मी म्हणालो, सगळ्यांना.

"सगळ्यांना नको. माझ्या पोरांना सांग."

काच, अंधुक उजेड, बाहेर पांढरं धुकं. वाटलं की मी एका मोठ्या ढगाच्या आत बसलोय आणि त्या ढगाला कुठेच काठ नाही. पलीकडे कोणी आहे की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. मग हौशीबाई कशा वाचतात ते आठवलं. त्या आधी नाव घेतात. नाव घेऊन थोडं थांबतात, समोरच्याने मान वर करावी एवढं. मग बोलतात.

मी म्हणालो, "काळ्या." थांबलो. "सोम्या. तुमची आई माघी इथं माझ्याजवळ बसली आहे. ती म्हणते, फरशीवर पाय नका ठेवू. वरून बरी दिसते, खाली काही नाही. आज घरी नका येऊ. खोडाळ्यातच ऱ्हा. आवणी दोन दिवस थांबेल."

"भाकर खा म्हणावं," माघी हळूच म्हणाली.

"भाकर खाऊन घ्या, असं म्हणते."

बरोबरच्या माणसांची नावं तिला विचारत गेलो आणि एकेकाला हाक मारत गेलो. पुन्हा पहिल्यापासून. मग कालचे सगळे निरोप. दवाखान्यातल्या बायकोला, मोखाड्याच्या भावाला. मग पुन्हा काळ्या, पुन्हा सोम्या. घसा बसला. लहान्या बॅटरीकडे बघून बोटं दाखवत होता, थोडं राहिलंय.

शेवटी एक कार्यालयीन निरोप उरला होता तोही दिला. "हौशीबाई, केंद्रात सगळे सुखरूप आहेत. मनोरा पडला पण आम्ही चालू आहोत. रस्ते खराब आहेत, यायची घाई करू नका." कर्मचाऱ्यांना परिस्थिती कळवणं आराखड्यात आहेच.

त्यानंतर यंत्राचा दिवा विझला.

माघी उठली नाही. पडवीत बसून खोडाळ्याच्या दिशेला बघत राहिली. तिकडे धुक्याशिवाय काही नव्हतं. लहान्याने तिच्यापुढे चहा ठेवला. तो गार झाला.

१२ जुलै

काही कळलेलं नाही.

सकाळी पाड्यातून एक जण सांगत आला की फरशी पहाटे कोसळली. वर कोणी होतं का? पाण्यात काही दिसलं नाही म्हणाला. पण पाणी गढूळ आहे.

माघी रात्री केंद्रातच राहिली. काल जे बोललो ते आज रेडिओवर पुन्हा सांगितलं. दुसरं काय करणार होतो?

पहाटे स्वप्न पडलं. मी रिकाम्या माळावर नावं घेत उभा आहे. एकेक नाव तोंडातून बाहेर पडलं की पाखरू होऊन धुक्यात शिरतं. परत एकही येत नाही. तरी स्वप्नात मला भीती वाटत नव्हती. पुढचं नाव आठवत होतो, इतकंच.

१३ जुलै

आले.

दुपारी लहान्या टाकीवर चढला होता. तिथून ओरडला की वरच्या अंगाने माणसांची ओळ येतेय. धुक्यातून आधी छत्र्या दिसल्या, मग डोकी, मग पाय. माणसं हवेतून हळूहळू तयार होतायत असं वाटलं. डोक्यावर बोचकी घेतलेले दोघं पुढे होते. माघी उठून उभी राहिली. धावली नाही, रडली नाही. जवळ आल्यावर मोठ्याच्या दंडावर एक चापट मारली आणि धाकट्याच्या डोक्यावरचं बोचकं काढून स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

सगळ्यात मागून हौशीबाई येत होत्या. हातात चपला, गुडघ्यापर्यंत चिखल.

त्यांनी सांगितलं ते असं. खोडाळ्यात त्या दिवशी आवणीवरून लवकर परतल्या. चैतीचा रेडिओ उंबऱ्यावर नुसताच खरखरत होता. तिला तो बंद करायचा नव्हता, काही लागलं तर लागलं म्हणून. त्या खरखरीतून कोणीतरी "काळ्या" म्हणालं. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. बाईंना आधी ओळखूच आला नाही. 'आई इथं माझ्याजवळ बसली आहे', 'फरशीवर पाय नका ठेवू', 'खोडाळ्यातच ऱ्हा' एवढं कळलं आणि त्या तशाच चिखलाच्या पायांनी बाजारात गेल्या. पोरं वडे खाऊन निघायच्या बेतात होती. ऐकेनात. पाऊस थांबलाय, घर तासाभरावर, कोण कशाला थांबेल? मग बाईंनी त्यांना चैतीच्या दारात आणून रेडिओसमोर बसवलं. तोवर तिसऱ्यांदा नावं चालू होती. सोम्याने स्वतःचं नाव ऐकलं आणि हातातलं बोचकं खाली ठेवलं. भाकरीचं ऐकल्यावर काळ्या म्हणाला, ही आईच आहे.

रात्री सगळी चैतीच्या ओट्यावर झोपली. दुसऱ्या दिवशी वरच्या अंगाच्या पुलाने लांबचा फेरा घेत निघाली, वाटेत एका पाड्यावर मुक्काम केला.

मी विचारलं, शेवटचा निरोप ऐकला होता का? घाई करू नका असा.

"ऐकला," त्या म्हणाल्या. "म्हणून तर चालत निघाले."

पाय धुवायला पाणी तापवून दिलं.

२८ जुलै

आराखडा मुंबईला गेला. पहिल्या क्रमांकावर 'निरोप' आहे, सूचना त्यातच घातल्या आहेत. तसं का, याचं कारण अर्धं पान लिहिलं होतं, मग खोडून एकच वाक्य ठेवलं: संकटात माणूस आधी आपलं नाव ऐकतो.

नवा मनोरा दिवाळीनंतर येईल म्हणतात. तोवर बांबू. लहान्याने त्यांना रंग दिलाय.

३ ऑगस्ट

आज ऊन-पावसाचा खेळ होता. डोंगरावरून सावल्या पळत होत्या. खाचरांतली रोपं आता उभी राहिली आहेत, वाऱ्याने सगळी एका बाजूला कलतात आणि पुन्हा सरळ होतात. दिवसभर केंद्रात माणसांची ये-जा. माघीचे मुलगे नाचणीचं पीठ देऊन गेले.

संध्याकाळी हौशीबाई म्हणाल्या, निरोप फार यायला लागलेत, एकटीचा घसा पुरत नाही. अर्धे मी वाचावेत. मी म्हणालो, माझा आवाज सरकारी आहे. त्या म्हणाल्या, असू दे, माणसं ओळखतात आता. आणि थोड्या वेळाने, कागद जुळवत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मलाही सवय झाली. तिकडं तीन दिवस कान लावून बसले होते."

हर्षालीला फोनवर हे सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, पुढच्या शनिवारी येते मी, मला भेटायचंय त्यांना. का भेटायचंय, ते मी विचारलं नाही. स्वयंपाकाचं मात्र आत्तापासून बघावं लागेल. बाईंना विचारीन.

आजपासून दोघांनी वाचलं. आधी त्यांनी एक, मग मी एक. स्टुडिओत माइक एकच आहे, त्यामुळे खुर्ची बरीच जवळ ओढून घ्यावी लागली. वाचून झाल्यावर ती परत जागेवर ठेवायची राहून गेली. राहू दे. उद्या पुन्हा लागणारच आहे.